डावीकडचा सांधा

१

हँडल थरथरतंय अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी टायरमधली हवा बघते. लोकांना ते आवडत नाही. त्यांना वाटतं, एवढी गाडी ओढत आणली, तर निदान काहीतरी दणदणीत निघावं. पण पुढच्या दोन चाकांत हवा कमीजास्त असली तरी हँडल डुलतं. हवा ठीक असली तर चाकाच्या आत सुकलेला चिखल बघायचा. एका बाजूला ढेकूळ चिकटून बसलं की चाकाचा तोल जातो. मग गाडी उचलून चाक हलवायचं, बेअरिंग बघायचं, सांधे बघायचे. पान्याला हात सगळ्यात शेवटी. ही शिस्त मला वडिलांनी लावली. गॅरेजही त्यांचंच.

त्या दिवशी सकाळी शटर वर केलं तर समोर ताई. माझी थोरली बहीण. क्वाडवर बसून आली होती. क्वाड म्हणजे चार जाडजूड चाकांची, वरून उघडी, मोटारसायकलसारखं हँडल असलेली गाडी. चिखल, दगड, उतार, कुठेही घाला. ही दाजींची होती. दाजी शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावावर कामाला. काठाकाठाने फिरायचं आणि पाणी आत घेणाऱ्या तोंडांवरच्या लोखंडी जाळ्या साफ करायच्या. जाळीत काय काय अडकलेलं सापडतं ते दाजी नेमके जेवताना सांगायचे आणि ताई त्यांना दटावायची.

"तू चालवत आणलीस?" मी विचारलं. माझी बहीण स्कूटरवर मागे बसायलासुद्धा घाबरते.

"चालवत कसली, हिनंच मला फरपटत आणलं. हात बघ माझे." तळव्यांवर खरंच हँडलचे लाल वळ उठले होते. "ह्यांना सांगितलेलं नाही. झोपलेत. परवा ह्या मेलीने त्यांना काठावरून खाली फेकलं. दाखवून आणा म्हटलं तर ऐकत नाहीत. होईल म्हणतात आपोआप नीट."

"गाड्या आपोआप नीट व्हायला लागल्या तर मी काय करू? भजन?"

ताई हसली. हल्ली ती पुन्हा हसायला लागली होती. दाजींना सांध्यांचा आजार. बोटं आत वळून पंजा झाला होता, गुडघे तर गेलेलेच. ताई त्यांच्या शर्टाची बटणं लावायची, घास मोडून द्यायची, रात्री कूस बदलायला उठवायचे तेव्हा उठायची. नोकरी टिकली ती केवळ क्वाडमुळे. बसलं की जाता येत होतं. आणि ह्या उन्हाळ्यात तलाव आटला, पाणी पार मध्यावर गेलं, दाजी उघड्या पडलेल्या गाळातून गाडी घालायला लागले, तेव्हापासून कशाने कोण जाणे, दुखणं उतरत गेलं.

"काल बरणीचं झाकण त्यांनी उघडून दिलं," ताई म्हणाली. "माझ्याच्याने निघत नव्हतं."

मी तिला मिठी मारली. आणि गाडीचा वास मला तेव्हा आला.

२

गाळाचा वास मला ठाऊक आहे. शेवाळ, कुजका पाला, थोडा मासळीचा. दाजींची गाडी नेहमीच त्या वासाने यायची. ह्या खेपेला त्याच्याखाली आणखी एक वास होता. गोडसर, कोमट. आजारी माणसाची उशी उन्हात टाकताना येतो तसा.

ताईला मी रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि कामाला लागले. हवा दोन्ही चाकांत सारखी होती. चाकांच्या आतल्या बाजूला मात्र चिखल थापल्यासारखा बसला होता. चला, मी म्हटलं, एवढ्यावर भागलं. खरवडणी घेतली आणि बसले उकिडवी.

उजव्या चाकातला चिखल ढेपांनी पडला. डाव्याचा पडेना. ओढला की ताणला जायचा. त्याच्यात केस होते. बारीक, मऊ, फिकट, सगळे एकाच दिशेला झोपलेले. कुत्रं मेलं असेल जाळीपाशी, मी स्वतःला समजावलं, गाडी त्याच्यावरून गेली असेल. गाड्यांखालून मी काय काय काढलेलं आहे, सांगितलं तर जेवण जाणार नाही. म्हणून मी तोंडावर रुमाल बांधला आणि खरवडत राहिले. केस पुसून निघत नव्हते. एकेक उपटावा लागत होता, आणि उपटताना दर वेळी बारीकसं 'टक्' व्हायचं.

मग जॅक लावून पुढची बाजू उचलली. उजवं चाक वरखाली धरून हलवलं, मग आडवं धरून हलवलं. घट्ट. डावं वरखाली घट्ट. आडवं धरून हलवलं आणि हाताला कळलं. प्ले आहे, म्हणजे कुठेतरी ढिलं आहे.

हँडल फिरवलं की ते वळण चाकापर्यंत नेणारी एक दांडी असते. तिच्या टोकाला गोळ्याचा सांधा असतो, खोबणीत फिरणारा, आणि त्यात ग्रीस राहावं, चिखल जाऊ नये म्हणून वर रबराची टोपी. तिला आम्ही बूट म्हणतो. तो सांधा झिजला की चाक आपल्या मर्जीने हलायला लागतं आणि हँडल थरथरतं. रोजचं दुखणं. बरं वाटलं मला.

फक्त झिजलेला सांधा 'खट खट' वाजतो. लोखंडावर लोखंड. हा तसा वाजत नव्हता. मी चाक हलवलं की 'चप्' असा आवाज यायचा. पुन्हा हलवलं, पुन्हा 'चप्'. कुणी शेजारी बसून तोंड उघडं ठेवून चावावं तसा.

पाणी शिरलं असेल. मी बोटाने बूट चाचपला आणि हात मागे घेतला. बूट गरम होता. गाडी मघापासून सावलीत, बंद उभी होती.

३

शेजारच्या शेडमध्ये वेल्डर आहे. दुपारचा चहा आम्ही एकत्र घेतो. तो कप घेऊन आला तेव्हा मी ब्लेडने बूट चिरत होते.

"काय उस्ताद, ऑपरेशन?" तो म्हणाला, आणि पुढच्याच श्वासाला, "शी! काय मेलंय इथे?"

चिरेतून ग्रीस आलं. आलं म्हणजे वाहिलं नाही. फुगून बाहेर आलं आणि तिथेच थांबलं. ह्याच सांध्यात मी स्वतः निळं ग्रीस भरलं होतं, अजून त्याचा डबा फळीवर आहे. हे पिवळट होतं, दाण्यादाण्याचं, सोललेल्या कोंबडीच्या कातड्याखाली दिसतं तसं. त्याच्यावरून पातळ पांढरा पापुद्रा ताणलेला होता आणि पापुद्र्यात एक लाल धागा.

"उंदीर शिरला असेल," वेल्डर म्हणाला.

"बुटात? अंगठ्याएवढी जागा नाही आत."

"पिल्लू असेल. मला काय विचारतेस, डॉक्टर आहे का मी?" त्याने चहा नालीत ओतला आणि परत गेला.

मी हातमोजे घातले. नट सोडला. सांधा खोबणीतून काढायचा तर त्याला पुलर, म्हणजे ओढून काढायचं खास हत्यार, लावावं लागतं, आणि सुटतो तेव्हा सगळं गॅरेज दणाणतं. हा दणाणला नाही. पुलर आवळत गेले तसा हळूहळू येत गेला, मागे दोरे ताणत, ओले, चिकट, आणि शेवटचा दोरा तुटला तेव्हा त्याचं टोक सरकन आत ओढलं गेलं. मी बेसिनपाशी धावले, सकाळचं सगळं काढलं, चूळ भरली, परत आले. तो सांधा चिमट्याने उचलून भंगाराच्या पिंपात टाकला. आणि हात धुतले. आणि परत धुतले.

नवा सांधा बसवला. चकचकीत, कोरडा, लोखंडाचा. दोरी लावून दोन्ही चाकं एका रेषेत घेतली. मागच्या मोकळ्या मैदानात गाडी पळवली. हँडल सोडून दोन्ही हात हवेत धरले तरी गाडी नाकासमोर चालली. एवढं नेटकं काम झालं की मला गाणं सुचतं. त्या दिवशीही मी गुणगुणत होते, आणि तेवढ्यात ताईचा फोन आला.

४

दाजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. डावा हात मांडीवर होता, पालथा, दुसऱ्या कुणाचातरी आणून ठेवावा तसा. जमिनीवर फुटलेली किटली अजून तशीच होती.

"चहा ओतत होते," ताई म्हणाली. "हात एकदम गळूनच पडला. डॉक्टर येऊन गेले. मनगट निखळलंय म्हणाले. बांधलंय, उद्या फोटो काढायला सांगितलाय. पण निखळायला झालं काय होतं? किटलीच तर उचलली होती!"

"आजारच आहे तसा, ताई," मी म्हटलं. "चढतो, उतरतो."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. गोड माणूस. आमच्या लग्नाकार्यात पोरासोरांना खांद्यावर घेऊन नाचणारा. त्यांचा चेहरा घामाने चकाकत होता आणि त्या वासाने खोली भरली होती. गोडसर, कोमट.

"मेकॅनिकबाई," ते म्हणाले, "डावीकडचा काढलास ना?"

मी ताईकडे बघितलं. तिने मान हलवली. तिने काही सांगितलं नव्हतं. पण अंगणातून गाडी गेली म्हटल्यावर माणूस ओळखणारच की कुठे गेली ते. आणि रोज जो चालवतो त्याला कुठली बाजू गेलीय ते हाताला कळतंच. मी हे सगळं मनात मांडलं, आणि ते पटण्यासारखं होतं.

"काढला," मी म्हटलं. "पार कुजला होता."

"फेकला नाहीस ना?"

"भंगारात आहे."

त्यांनी डोळे मिटले. मग उजव्या हाताने डाव्या हाताची पट्टी सोडायला लागले. ताई नको नको म्हणत होती. पट्टी खाली पडली. मनगटाभोवती कातडीला घड्या पडल्या होत्या, गोल, एकावर एक, सारख्या अंतरावर. सुजेने पडत असतील. मी जवळ गेले आणि त्यांचा हात हातात घेतला. का घेतला ते सांगते. सवयीने. समोर सैल सांधा आला की माझे हात आपोआप दोन्हीकडून धरून हलवून बघतात.

मी हलवला. मनगट आडवं सरकलं. आणि वाजलं.

'खट.'

हाडाचा आवाज तसा नसतो. लोखंडाचा तो आवाज मी रोज ऐकते. घड्यांच्या मधून काहीतरी माझ्या अंगठ्यावर आलं. रक्त असेल म्हणून मी खिडकीकडे धरून बघितलं. निळं होतं. ताजं, गुळगुळीत, डब्यातून आत्ता काढल्यासारखं.

यंत्रांशी काम करणारा माणूस, कुठेतरी लागलं असेल ग्रीस हाताला. मी अंगठा पँटला पुसला. ताई बघत होती. तिनेही ते बघितलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं की तिला नवल वाटलेलं नाही.

"परत लाव तो," दाजी म्हणाले. अगदी अदबीने म्हणाले, पाणी मागावं तसं. "जमेल ना?"

५

मी गॅरेजकडे परत निघाले ती सांधा लावायला नाही, जाळायला. इतकी किळस मला आयुष्यात कशाची आली नव्हती. भीती वाटत होती असं नाही. भीतीने माणूस पळून जातो. किळस आली की वाटतं ती वस्तू जगातून पुसून टाकावी, मग हात धुवावेत आणि विसरून जावं.

पिंपावर माशा घोंगावत होत्या. आत जुने बेअरिंग, तुटके बोल्ट, पत्रे, आणि त्यांच्यामध्ये तो. मी ब्लेडने चिरलेली जागा बंद झाली होती. चिरेवर पातळ, गुलाबी, चकचकीत कातडी धरली होती, भाजलेल्या जागी नवी येते तशी.

मी वेल्डरला हाक मारली. तो आला, पिंपात वाकला आणि नाकावर हात धरून सरळ झाला.

"हे उंदराचं नाही," तो म्हणाला.

"जाळ."

त्याने गॅसची नळी आणली, चिमट्याने सांधा उचलून विटेवर ठेवला आणि ज्योत पेटवली. निळी, अणकुचीदार. ज्योत नुसती कडेला लागली. बूट आक्रसला. गरम झालं की रबर आक्रसतंच, हे मला माहीत आहे. पण रबर जळलं की काळा, घशात बसणारा धूर येतो. हा धूर पांढरा होता आणि त्याला भाजलेल्या मांसाचा वास होता. सगळ्यात किळसवाणी गोष्ट ही की मला सकाळपासून अन्न नव्हतं आणि त्या वासाने माझ्या पोटात भूक उठली.

फोन वाजला. मी घेतला. ताई धड बोलत नव्हती. ती फोन हातात घेऊन नुसती किंचाळत होती, आणि तिच्या मागे दाजी किंचाळत होते. "हात! हात भाजतोय त्यांचा, कशाने भाजतोय, काहीच नाहीये इथे, धाकटे, त्यांचा हात—"

"बंद कर!" मी वेल्डरला ओरडून सांगितलं.

त्याने नळी बंद केली. फोनमधलं किंचाळणं हळूहळू कण्हण्यावर आलं. वेल्डरने ते सगळं ऐकलं होतं. त्याने विटेकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, नळी गुंडाळली आणि आपल्या शेडचं शटर दिवसाउजेडी खाली ओढलं. दुसऱ्या दिवसापासून चहाला तो आला नाही. रस्त्यात भेटला तर हात वर करतो, पण लांबूनच.

६

लावला मी तो. दुसरं काय करणार होते?

नवा, चकचकीत सांधा काढताना तो वाजला, सगळं गॅरेज दणाणलं, आणि त्या निर्मळ आवाजाने मला रडू आलं. मग हातमोजे घालून जुना उचलला. हातमोज्यातून तो निसटायचा. दोनदा खाली पडला. पडला की माती चिकटायची आणि तो ओला भाग माती बाहेर ढकलायचा, डोळा कचरा ढकलतो तसा. शेवटी मी हातमोजे काढले.

नुसत्या हाताला तो गरम लागला आणि जड. कापसासारखी लव होती त्याच्यावर. आत खोलवर काहीतरी फडफडत होतं, फार हळू, आणि ते माझ्याच बोटातल्या शिरेचं आहे असं मी ठरवून टाकलं. त्याचा दांडा चाकामागच्या भोकापाशी नेला. एरवी तो ठोकून बसवावा लागतो. मी ठोकला नाही. मी नुसता समोर धरला. भोकाच्या कडेला ते मघाशी तुटलेले दोरे होते. ते हलले. सांधा माझ्या हातातून गेला. ओढला गेला. तान्हं मूल अंगाशी धरल्यावर तोंड फिरवतं आणि त्याला बरोबर सापडतं, तसा.

माझी करंगळी तिथे राहिली होती, मधोमध. तिच्याभोवती ते ओलं, मऊ आवळलं गेलं आणि क्षणभर चोखलं गेलं. मग सोडलं. कदाचित मीच ओढून काढली असेल. करंगळी पांढरी पडली होती, पाण्यात खूप वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली.

नालीवर बसून मी ओकत राहिले. पोटात काही नव्हतं, तरी.

फोन वाजला. ह्या वेळी दाजी होते.

"छान बसला हो," ते म्हणाले. "आता बघ, हालतोय."

७

संध्याकाळच्या उन्हात मी गाडी घरी नेऊन दिली. हँडल इतकं थरथरत होतं की दात वाजत होते. दाजी फाटकापाशी उभे होते. चालत आले होते. काठी नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी फाटक उघडलं.

"थरथर अजून आहे, दाजी," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून. "पुन्हा फेकेल तुम्हाला."

"डावी बाजू झाली, उजवी अजून व्हायचीय ना, म्हणून," ते म्हणाले. "एक पाय आपला आणि एक लाकडाचा असला तर माणूस झोकांड्या खाणारच. दोन्ही सारख्या झाल्या की थांबेल."

इतकं बिनचूक निदान मी स्वतः केलं नसतं. एका बाजूचा सांधा मऊ, दुसरा घट्ट, तर थरथर येणारच. मला ते पटलं, आणि पटलं म्हणून पुन्हा ओकारी आली.

त्यांनी चहा केला. स्वतः. तीन कप ओतले, एक थेंब सांडला नाही. माझ्या कपावर तेलाचा पातळ तवंग होता. मी कप धरून स्वयंपाकघरात गेले आणि ताईच्या मागे उभी राहिले.

"ताई, चल माझ्याकडे. आत्ता. अंगावरच्या कपड्यांनिशी चल."

ती भांडी घासत होती. थांबली नाही. "का?"

"का म्हणजे? तुला दिसत नाही? वास येत नाही तुला? उशा, चादरी, सगळ्या घराला—"

"येतो की." तिने नळ बंद केला. "तुला किळस वाटते, नाही का? चेहरा बघ तुझा. मी सांगू का तुला किळस काय असते? क्वाड येण्याआधी पाठीला जखमा झाल्या होत्या त्यांना पडून पडून. त्यात बोट घालून मी साफ करायचे. भांडं धरायचे. माझ्याकडे न बघता रडायचे ते, रोज. पहिलं वर्ष मी तुझ्यासारखीच मोरीत जाऊन ओकत होते. नंतर संपली. माझ्याकडची सगळी किळस वापरून झाली, धाकटे. आता उरलीच नाही."

"पण हे काय आहे ते तरी—"

"ते काल रात्री मला जवळ घेऊन झोपले," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी. हे काय आहे ते मला नको सांगूस."

बाहेर दाजी गाडीशी काहीतरी बोलत होते. हलक्या आवाजात. मी कप तसाच ओट्यावर ठेवला आणि मागच्या दाराने निघाले.

८

त्यानंतर मी तिकडे गेले नाही. ताई फोनवर म्हणाली, थरथर थांबली. म्हणाली, हे आता घरी क्वचितच येतात, तलावावरच बरं वाटतं त्यांना, मी डबा घेऊन जाते. तिच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं की काम वाढलं असेल. तलाव आटला की जाळ्यांवर घाण जास्त येते.

मग एका रविवारी मी तलावावर गेले. टेकाडावर माझी गाडी उभी केली आणि चालत काठाच्या वर आले. ऊन स्वच्छ होतं. खाली गाळ लांबवर पसरलेला, तडकलेला, आणि मध्यावर उरलेलं पाणी, जाड, हिरवं. पाण्याच्या दिशेने क्वाड चालली होती. दाजी तिच्यावर पुढे ओणवे होते. गाडी सरळ जात होती, जराही न डुलता. इतकं सुरेख चालणारं हँडल मी पाहिलेलं नाही. एवढ्या शांततेत इंजिनाचा आवाज यायला हवा होता. वारा माझ्याकडून तिकडे वाहत होता, म्हणून आला नसेल.

पाण्याच्या कडेला ती थांबली. आणि पुढची चाकं वाकली.

वळली नाहीत. वाकली. मधल्या सांध्यातून, आतल्या बाजूला, आधी डावं आणि मग उजवं, आणि गाडीचा पुढचा भाग खाली पाण्याला टेकला. गाळात रुतली असेल. पुढचं वजन जास्त असलं की रुतते. पण रुतलेली गाडी तिरकी होते, आणि ती अशी ढोसत नाही, मध्येमध्ये थांबून, दम घेऊन. दाजींचं डोकं खाली होतं. त्यांचे हात हँडलवर होते. ते हात कुठे संपतात ते मी शोधत होते आणि मला ती जागा सापडत नव्हती. गाळावर तरंगणाऱ्या उन्हामुळे असेल. मी तसं पुन्हा पुन्हा म्हणत होते.

ताई तिथेच होती. पाठमोरी, डबा शेजारी ठेवून बसलेली. ती उठली, पुढे गेली. खिशातून रुमाल काढला. दाजींचं डोकं हनुवटीला धरून वर केलं आणि त्यांचं तोंड पुसलं. मग तोच रुमाल तसाच खाली नेऊन दोन्ही चाकांच्या आतली, सांध्यांची बाजू पुसली. सावकाश, घड्याघड्यांतून बोट फिरवत. चाकं तिच्या हाताकडे वळली. मग तिने रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि सहज वर पाहिलं.

तिला मी दिसले. तिने हात हलवला. ये ना, असा. लहानपणी नदीवर ती आधी पाण्यात उतरायची आणि मला बोलवायची, अगदी तसा नव्हता तो, त्याहून साधा होता. घरी आलेल्या बहिणीला बोलवावं, तेवढाच.

मी गेले नाही. मीही हात हलवला, माझ्या घड्याळाकडे बोट दाखवलं, काम आहे अशी खूण केली, आणि पाठ फिरवून टेकाड चढले. गाडीत बसल्यावर दोन्ही काचा वर केल्या.

ताईचा फोन येतो. मी उचलते. जेवलीस का विचारते, मी हो म्हणते. थकू नकोस फार, असंही ती म्हणते. तिच्या मागे कुणीतरी तोंड उघडं ठेवून चावत असतं, आणि मध्येच दाजींच्या आवाजात हसतं. कोण आहे ते मी विचारत नाही. बहिणीचा आवाज ऐकू येतो. आणि फोनवर वास येत नाही, एवढं बरं आहे.